मूड ठीक आहे, मग कामं का अडतात? बायपोलरसह दिवस सावरण्याची एक पद्धत

विजेचं बिल भरायला मला एकदा पन्नास मिनिटं लागली, आणि तरी ते भरलं गेलं नाही. ॲप उघडलं, ग्राहक क्रमांक हवा होता. तो जुन्या बिलावर. जुनं बिल शोधायला कपाट उघडलं, तर विम्याचं पाकीट हाताला लागलं, ते वाचत बसले. परत आले तोवर ॲपने बाहेर काढलेलं. पासवर्ड आठवेना. ओटीपी मागवला, तो पाहून परत ॲपमध्ये येईपर्यंत शेवटचे दोन आकडे डोक्यातून गेले. पुन्हा मागवला. मग म्हटलं, उद्या बघू. उद्या मुदत संपलेली होती.

त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन आले होते. झोप? ठीक. भूक? ठीक. मूड? तोही खरंच ठीक. बिलाचं त्यांनी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही, कारण हा आजाराचा भाग असेल असं डोक्यातच आलं नाही. मला तो माझा वेंधळेपणा वाटत होता.

मी मुद्रितशोधन करते. बायपोलरचं, म्हणजे मूड कधी फार चढण्याच्या तर कधी फार खचण्याच्या आजाराचं, निदान होऊन अकरा वर्षं झाली. पुढे जे लिहितेय ते थोडं वाचलेलं, थोडं डॉक्टरांना विचारलेलं आणि बरंचसं ठेचा खाऊन शिकलेलं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे: अख्खं काम क्वचितच अडतं, त्यातली एखादी पायरी अडते. ती नेमकी सापडली की उपाय बहुतेक वेळा हसू येईल इतका साधा निघतो. ती सापडली नाही, तर आपण स्वतःला आळशी म्हणत राहतो आणि घरचेही तेच म्हणायला लागतात.

आधी थोडी पार्श्वभूमी

जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ साली आपल्या पाठ्यपुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत मॅनिया-डिप्रेशनचा आजार, म्हणजे आजचं बायपोलर, आज ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात त्यापासून वेगळा मांडला. त्यात एक खूण अशी धरली होती की या आजारात मॅनियाचे (मूड फार चढण्याचे) किंवा डिप्रेशनचे झटके येतात, जातात आणि मधल्या काळात माणूस पूर्ववत होतो. ही समजूत पुढे फार काळ टिकली. अजूनही अनेक घरांत तीच आहे: ‘आता बरी आहेस ना, मग?’

गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या अभ्यासांनी तिला तडा दिला. मूड स्थिर असतानाही बऱ्याच जणांमध्ये लक्ष, ऐकलेलं-वाचलेलं लक्षात ठेवणं, विचारांचा वेग आणि आखणी या गोष्टी सरासरीपेक्षा मागे असतात, हे वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा दिसलं आहे. अमेरिकेतल्या मॅक्लीन रुग्णालयात पहिल्या मॅनियासाठी दाखल झालेल्या १६६ जणांचा पाठपुरावा केला गेला. २००३ साली आलेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांत ९८ टक्के लोक त्या झटक्यातून बाहेर आले होते, पण कामधंदा आणि राहणीमान आजाराआधीच्या पातळीवर पोचलेले फक्त ४३ टक्के होते. मधल्या दरीची कारणं पुष्कळ आहेत, त्यात विचारकौशल्यं हे एक मोठं कारण.

दोन गोष्टी मात्र लगेच सांगते, नाहीतर वाचणारा घाबरून लेख बंद करेल. एक, हे सगळ्यांना होत नाही. काहींची विचारकौशल्यं शाबूत असतात, काहींची एखाद-दुसऱ्या बाबतीत कमी पडतात, काहींची सगळ्याच बाबतीत. दोन, याचा बुद्धिमत्तेशी थेट संबंध लावू नका. अवघड लेखातला तर्काचा दोष मला आजही चटकन दिसतो. ओटीपीचे सहा आकडे मात्र टिकत नाहीत.

पहिली पायरी: दुसरं काही दडलेलं नाही ना, ते पाहा

वह्या, ॲप, युक्त्या यांच्याआधी हे. आणि हे डॉक्टरांसोबतच करायचं.

सगळ्यात जास्त वेळा दडून बसलेलं असतं ते उरलेलं डिप्रेशन. रडू येत नाही, जेवण जातं, माणसांत बसता येतं, म्हणून आपण ‘ठीक’ म्हणतो. पण थोडंसं डिप्रेशन उरलेलं असलं तरी डोक्यावर ओलं घोंगडं टाकल्यासारखं होतं. विशेष म्हणजे अशा वेळी आपल्याला आपली स्मरणशक्ती प्रत्यक्षात आहे त्याहूनही वाईट वाटते. उलट मूड चढता असेल तर डोकं सुसाट चाललंय असं वाटतं आणि चुका दिसतच नाहीत. हायपोमॅनियात, म्हणजे सौम्य मॅनियात, तपासलेली प्रूफं मी एकदा नंतर उघडून पाहिली. वेग दुप्पट होता. सुटलेले ऱ्हस्व-दीर्घही त्याच मापात होते.

मग झोप. तास किती, एवढंच विचारू नका. घोरणं, रात्री श्वास अडकून जाग येणं, सकाळी डोकं जड असणं असं असेल तर स्लीप ॲप्नियाची तपासणी करून घ्यावी. थायरॉइड मंदावलं की विचारही मंदावतात, आणि बायपोलरसाठी दिल्या जाणाऱ्या लिथियम या औषधामुळे थायरॉइड मंदावू शकतं. म्हणून लिथियम घेणाऱ्यांची थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणी साधारण दर सहा महिन्यांनी होते. बी-१२ची कमतरता, मधुमेह, दारू हेही याच यादीत.

आणि गोळ्या. इथे नीट बोलायला हवं. लिथियममुळे काहींना किंचित मंदपणा जाणवतो. टोपिरामेटने तोंडावर आलेला शब्द सापडेनासा होतो, ही ओळखीची तक्रार आहे. क्लोनाझेपाम, लोराझेपाम यांसारख्या गोळ्या लक्ष आणि स्मरण दोन्ही बोथट करतात. हात थरथरणं किंवा अंग ताठरणं कमी व्हावं म्हणून दिली जाणारी ट्रायहेक्सीफेनिडिल स्मरणावर परिणाम करते, आणि कधीकधी गरज संपल्यावरही चिठ्ठीत वर्षानुवर्षं तशीच राहते. ‘ही अजून लागते का?’ असा प्रश्न डॉक्टरांना विचारायला काहीच हरकत नाही.

पण स्वतःहून गोळी बंद करणं किंवा अर्धी करणं, हे नाही. लिथियम अचानक थांबवल्यावर झटका परत येण्याचा धोका बराच असतो. जितके झटके जास्त, विशेषतः मॅनियाचे, तितकी विचारकौशल्यं जास्त खालावलेली दिसतात. म्हणजे डोकं ताजंतवानं व्हावं म्हणून गोळी टाकायची आणि त्यापायी डोक्याचंच नुकसान करून घ्यायचं, असा व्यवहार होतो. मी तो एकदा केलाय.

एक तातडीची गोष्ट: लिथियम चालू असताना उलट्या-जुलाब, हात जोरात थरथरणं, तोल जाणं, बोलणं जड होणं, गोंधळल्यासारखं होणं असं काही दिसलं, तर ती विषबाधा असू शकते. पुढच्या भेटीची वाट न पाहता थेट रुग्णालयात जायचं. शरीरातलं पाणी कमी झालं किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं घेतली, तरी रक्तातली पातळी चढू शकते.

दुसरी पायरी: अडखळवही

दोन आठवडे एक छोटी वही जवळ ठेवा. रोजनिशी नको, भावना नकोत. अडखळलं की दोन ओळी: वेळ, काम, नेमकं कुठे अडलं, आदल्या रात्रीची झोप. माझ्या वहीतल्या काही नोंदी देते.

‘मंगळवार, सकाळी ११. प्रूफं, पान ४२. तोच परिच्छेद तीनदा वाचला. झोप ५ तास. मध्ये फोन दोनदा.’

‘गुरुवार, दुपारी ४. संपादकांनी फोनवर चार बदल सांगितले. ठेवल्यावर दोनच आठवले. झोप ७.’

‘गुरुवार, रात्री ८. आईने औषध आणायला सांगितलं होतं. दुकानासमोरून आले, आठवलं नाही.’

‘शनिवार, दिवसभर. प्रस्तावनेची फाइल उघडलीच नाही. टेबल आवरलं, जुन्या मेल पुसल्या.’

न अडलेली कामंही मधूनमधून टिपा. मला त्यातूनच कळलं की सकाळी दहा ते साडेबारा माझं डोकं चांगलं चालतं आणि नेमक्या त्याच वेळात मी मेलना उत्तरं देत बसते.

दोन आठवड्यांनी माझ्याकडे एकोणीस नोंदी जमल्या. त्यातल्या दहा ‘ऐकलेलं टिकलं नाही’ या एकाच प्रकारच्या निघाल्या. तोवर मी ‘माझं सगळंच बिघडलंय’ असं सांगत फिरत होते.

तिसरी पायरी: अडखळण्याला नाव द्या

वहीतल्या प्रत्येक नोंदीसमोर पुढच्या चारांपैकी एक लिहा.

लक्ष: वाचताना डोळे पुढे, मन मागे. कुणी मध्ये बोललं की परत जाग्यावर यायला वेळ लागतो.

वेग: समजतं सगळं, पण उशिरा. बैठकीत सुचलेलं उत्तर विषय बदलल्यावर तयार होतं. इथे फार काही बोलण्यासारखं नाही, वेळ वाढवून घेणं हाच मुख्य इलाज.

ऐकलेलं-वाचलेलं लक्षात राहणं: बायपोलरमध्ये हे दुखणं फार जणांना असतं आणि रोजच्या कामकाजाशी त्याचा संबंध अभ्यासांतही वारंवार दिसतो. बऱ्याचदा गोष्ट डोक्यात साठवून मग हरवलेली नसते. ती आत जातानाच अर्धवट गेलेली असते. म्हणून रात्री ‘आठव, आठव’ करून काही होत नाही. जे करायचं ते ऐकतानाच करायला हवं.

आखणी आणि आवर: कुठून सुरुवात करायची, कुठलं आधी, कुठलं नंतर, मध्येच समोर आलेली दुसरी गोष्ट कशी बाजूला ठेवायची, योजना फिसकटली तर दुसरी कशी धरायची. माझ्या बिलाच्या गोष्टीतलं कपाट आणि विम्याचं पाकीट ते हेच. ओटीपी हा वेगळा मामला होता. तिथे काही सेकंद आकडे डोक्यात धरून ठेवायचे होते आणि तेवढी पकड नव्हती. एकाच कामात दोन पायऱ्या दोन वेगळ्या कारणांनी मोडल्या. म्हणून ‘मला बिलं भरायला जमत नाहीत’ हे निदान निरुपयोगी आहे.

चौथी पायरी: स्वतःला नको, काम बदला

आता त्याच बिलाचं काय केलं ते सांगते. ग्राहक क्रमांक फोनमधल्या एका टिपणात लिहिला, म्हणजे कपाट उघडायचं कारणच संपलं. ओटीपी पाहताना मोठ्याने म्हणते, तीन-तीनचे दोन तुकडे करून. दोन महिन्यांनी बँकेला सांगून बिल आपोआप वळतं केलं. आता या कामात माझी गरजच नाही, आणि त्यात मला जराही कमीपणा वाटत नाही.

ऐकलेल्या गोष्टींसाठी तीन सवयी. फोनवर कामाचं बोलणं सुरू झालं की आधी म्हणायचं, ‘एक मिनिट, लिहून घेते.’ मग शेवटी परत वाचून दाखवायचं: ‘म्हणजे पान बारा, अठरा, तळटीप आणि शीर्षक, बरोबर?’ आणि जिथे शक्य तिथे ‘मेलवर टाकाल का?’ असं विचारायचं. पहिले काही दिवस अवघडल्यासारखं होतं. नंतर संपादकच म्हणायला लागले की तुम्ही कामाला पक्क्या.

पुढे करायच्या गोष्टी आठवत नसतील तर ‘जेव्हा अमुक, तेव्हा तमुक’ अशी गाठ बांधा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात अशा ठरवण्याचा अभ्यास मांडला. ‘रोज गोळी वेळेवर घेईन’ यापेक्षा ‘रात्री दात घासून ब्रश ठेवला, की शेजारची डबी उघडायची’ हे पाळलं जाण्याची शक्यता जास्त असते. आठवण मनाने करून द्यायची नसते, ब्रश करून देतो. आठवड्याच्या खणांची डबी घ्या. घेतली की नाही, हा प्रश्न रिकामा खण पाहून सुटतो, आणि चुकून दुसऱ्यांदा घेण्याचा धोकाही टळतो.

गजरांबद्दल एक तक्रार. लोक फोनमध्ये दहा गजर लावतात आणि आठवड्याभरात त्यांचा नुसता आवाज होतो. गजर अशा वेळी वाजला पाहिजे की ते काम तिथे आणि तेव्हाच करता येईल. ‘औषध आण’ हा माझा गजर सहाला वाजायचा, तेव्हा मी बसमध्ये. ‘बरं’ म्हणून बंद करायचे. आता तो दुकानाजवळच्या थांब्यावर उतरायच्या वेळेला वाजतो.

यादी एकच असावी. वहीत एक, फोनमध्ये एक, फ्रिजवर एक अशा तीन याद्या म्हणजे शोधायचं चौथं काम. दिवसाच्या यादीत तीनच कामं, आणि प्रत्येक कामाची पहिली हालचाल लिहिलेली. ‘प्रस्तावना’ असं लिहिलं की मी टेबल आवरते. ‘प्रस्तावनेची फाइल उघडून पहिलं वाक्य मोठ्याने वाच’ असं लिहिलं की सुरुवात होते. सुरुवात झाली की निम्म्या वेळा गाडी पुढे जाते. उरलेल्या निम्म्या वेळा जात नाही, तेव्हा पंचवीस मिनिटांनी उठते.

पैशांचे नियम शांत दिवसांत ठरवा. चढत्या मूडमध्ये आवर सुटतो, आणि तेव्हा ‘मी नीट विचार करतेय’ याची खात्रीही सर्वांत जास्त असते. एका रकमेच्या वर काही घ्यायचं तर दोन रात्री थांबायचं आणि दादाला विचारायचं, असं आमचं ठरलंय. दोन रात्री नीट झोप झालेल्या असल्या पाहिजेत, ही अट त्यानेच घातली. तेव्हा राग आला होता.

पाचवी पायरी: दिवसाला खुंट्या

बायपोलरमध्ये दिनक्रमाची लय राखण्यावर भर देणारी एक उपचारपद्धती आहे. तिच्या छोट्या तक्त्यात पाचच वेळा टिपायच्या असतात: अंथरुणातून उठणं, पहिल्या माणसाशी बोलणं, काम सुरू करणं, रात्रीचं जेवण, झोपायला जाणं. या पाच खुंट्या रोज साधारण त्याच वेळी आल्या तर झोप सावरते, झोपेबरोबर मूड आणि लक्षही. मला पाचही जमत नाहीत. उठण्याची वेळ मात्र सुटीच्या दिवशीही सोडत नाही.

जमेल तसा व्यायाम करा, त्याचा फायदा मनाला आणि शरीराला दोन्हीकडे आहे. मेंदूच्या खेळांच्या ॲपबद्दल माझं मत थंड आहे. खेळात गुण वाढतात, पण ते कौशल्य बिल भरताना किंवा बैठकीत उतरेल याची हमी नसते. आवडत असेल तर खेळा, पैसे मोजण्याआधी विचार करा.

सहावी पायरी: कामावर परतताना

झटक्यानंतर मूड सावरला की लोक सोमवारपासून पूर्ण वेळ रुजू होतात. घाई नको. आधी तास कमी, मग तास वाढवायचे, जबाबदारी त्यानंतर. तास आणि जबाबदारी एकदम वाढवलं आणि बिनसलं, तर कशामुळे बिनसलं ते कळत नाही. अडखळवही पहिले दोन महिने चालू ठेवा.

निदान कुणाला सांगायचं, हा तुमचा प्रश्न आहे आणि त्याचं एकच एक उत्तर नाही. पण निदान न सांगताही मागता येतील अशा गोष्टी असतात: सूचना लेखी द्याव्यात, सकाळचे दोन तास बैठका नकोत, मोठं काम टप्प्यांत आणि प्रत्येकाला तारीख. रात्रपाळी मात्र टाळता आली तर टाळाच, झोपेची लय तिथेच पहिल्यांदा मोडते.

घरच्यांसाठी

‘अगं, मघाशीच सांगितलं ना!’ हे वाक्य आमच्या घरात दिवसातून चारदा व्हायचं. आई चिडायची, मी त्याहून जास्त. ते बंद झालं ते आईला अडखळवही वाचायला दिल्यावर. आता ती एका वेळी एकच गोष्ट सांगते, मी हातातलं ठेवून तिच्याकडे पाहीपर्यंत थांबते, आणि लांबलचक असेल तर चिठ्ठी लिहिते. चिठ्ठी नेहमी एकाच जागी असते.

घरच्यांना एक विनंती. मदत म्हणजे काम काढून घेणं नव्हे. सगळं आपणच करून टाकलं की समोरच्याचा सराव जातो आणि उमेदही. अडलेली पायरी तेवढी उचला. आणि बोलण्याचा वेग अचानक वाढला, झोपेची गरजच कमी झाली, किंवा ‘जगून काय करायचं’ असं बोलणं कानावर आलं, तर वही-बिही बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. जीव द्यायचा विचार बोलून दाखवला असेल तर माणसाला एकटं सोडू नका.

सातवी पायरी: चाचणी आणि पुढची मदत

हे सगळं करूनही काम किंवा शिक्षण अडत असेल तर विचारकौशल्यांची रीतसर चाचणी मागा. एस.सी.आय.पी. नावाची छोटी चाचणी साधारण पाव तासात होते. शब्दांची यादी आठवणं, ठरावीक वेळात शब्द सांगणं असे प्रकार त्यात असतात. गरज वाटली तर मानसशास्त्रज्ञ सविस्तर चाचणी करतात. चाचणी मूड स्थिर असतानाच द्यावी, नाहीतर डिप्रेशनचं माप निघतं आणि आपण ते डोक्याचं समजतो. केवळ स्वतःच्या तक्रारींवरून अंदाज बांधणं फसवं असतं. ज्यांना फार त्रास वाटतो त्यांचेही गुण कधीकधी चांगले येतात, आणि उलटही होतं.

बार्सिलोनातल्या संशोधकांच्या एका गटाने यासाठी एक कार्यक्रम बांधला: आठवड्याला दीड तास, एकूण २१ सत्रं. लक्ष, स्मरण, आखणी यांच्या युक्त्या रोजच्या कामांवर घासून घ्यायच्या, असं त्याचं स्वरूप. स्पेनमधल्या २३९ रुग्णांवरचा त्याचा अभ्यास २०१३ साली आला. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत कामकाज स्पष्टपणे सुधारलेलं दिसलं. आजाराची माहिती देणाऱ्या गटसत्रांपेक्षा मात्र तो ठोसपणे सरस ठरला नाही. म्हणजे नुकत्याच निदान झालेल्या माणसाने साध्या माहितीसत्रांना कमी लेखू नये. तुमच्या भागात असा कार्यक्रम नसेल तर व्यवसायोपचारतज्ज्ञ, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, हाताशी धरा. कामाच्या पायऱ्या पाडणं हा त्यांचा रोजचाच धंदा.

डॉक्टरांकडे जाताना वही नेऊ नका, ती वाचायला त्यांना वेळ नसतो. अर्ध्या पानावर तीन ओळी न्या. माझा मागच्या खेपेचा कागद असा होता: ‘मूड ठीक. फोनवर ऐकलेल्या सूचना विसरते, दोन आठवड्यांत दहा वेळा. सकाळी नऊपर्यंत डोकं जड, दहानंतर सुटतं.’

डॉक्टरांनी तो दोनदा वाचला, रात्रीच्या गोळीची वेळ अलीकडे आणली आणि थायरॉइडची तपासणी लिहून दिली. कागद माझ्या फाइलला लावून ठेवला.